डॅशबोर्ड कापू नका
(जुन्या गाड्या, जुने रेडिओ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं)

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९६८ची फियाट डिलाइट आहे. हँडलवरचा गिअर, उलटी उघडणारी पुढची दारं, सगळं जसंच्या तसं. त्यांनी हौसेने डॅशबोर्डखाली पट्टीने टांगून घेतलेला ट्रान्झिस्टर रेडिओ गेली अकरा वर्षं मुका आहे. डायलचा दिवा लागतो, चालू करताना स्पीकरमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो, पुढे काही नाही. गेल्या वर्षी मुलाच्या आग्रहाने एका दुकानात ब्लूटूथचा नवा डेक लावला. त्यांनी तो जुन्याच स्पीकरला जोडला आणि पाच मिनिटांत जळका वास आला. ‘गाडीचं वायरिंग खराब आहे’ म्हणाले. आता दुसरे एक जण डॅशबोर्डाचा पत्रा कापून स्क्रीन बसवून देतो म्हणतात. मुलगा तयार आहे, माझा हात धजत नाही. वडील पसरणी घाटातून पाचगणीला नेताना हाच रेडिओ लावायचे. कप्प्यात त्याचं पोस्टातलं लायसन्सचं पुस्तकही सापडलं. काय करावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, तुमचा हात धजत नाही तेच बरोबर आहे. त्या माणसाला आजच फोन करून नको म्हणून सांगा.

कारण सांगते. हल्लीच्या डेकला साधारण १८२ बाय ५३ मिलिमीटरचं चौकोनी भोक लागतं आणि स्क्रीनला तर त्याच्या दुप्पट उंचीचं. तुमच्या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे बॉडीचाच रंगवलेला पत्रा. एकदा ग्राइंडर फिरला की तो परत मिळवायचा म्हणजे भंगारातली दुसरी डिलाइट शोधा, तिचा पत्रा कापून आणा, वेल्डिंग करा, लांबी (पुट्टी) भरा, रंग जुळवा. अशा तीन गाड्या माझ्यासमोर आल्या आहेत. तिन्ही मालकांनी स्क्रीन दोन-तीन वर्षांत काढून टाकली होती, भोक मात्र राहिलं. माझे वडील आमच्या नारायण पेठेतल्या दुकानात पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे : जे काम उद्या उलटं करता येत नाही, ते गिऱ्हाइकाने सांगितलं तरी आज करायचं नाही. चाळीस वर्षं मी याच नियमाने काम केलं आणि एकदाही पस्तावले नाही.

आता जळलेला डेक. तुमचं वायरिंग खराब नव्हतं. जुन्या रेडिओत स्पीकरला बऱ्याचदा एकच वायर जाते आणि दुसरं टोक गाडीच्या बॉडीला अर्थ केलेलं, म्हणजे थेट पत्र्याला जोडलेलं असतं. तेव्हा तीच रीत होती आणि त्या रेडिओला ती चालते. आजच्या डेकमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आउटपुट असतं आणि दोन्हींपैकी एकही बॉडीला लागलेली चालत नाही. जुन्या स्पीकरला जोडला की डेकचं अर्धं आउटपुट थेट अर्थ होतं. मग वास येणारच. लावणाऱ्याने आधी मीटर घेऊन स्पीकरची एखादी तार बॉडीला लागलेली आहे का, एवढं बघायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते.

तुमच्या मूळ रेडिओबद्दल मला खरी आशा आहे. दिवा लागतो म्हणजे करंट पोचतोय. ‘टक्’ येतो म्हणजे आउटपुटचा ट्रान्झिस्टर आणि स्पीकर बहुतेक जिवंत आहेत. आवाजाची बाजू शाबूत आणि स्टेशन पकडणारी बाजू बंद, असं दिसतंय. साठच्या दशकातल्या रेडिओत असं झालं की मी आधी एकच गोष्ट बघते. आत छोट्या टोपीसारखे धातूचे ट्रान्झिस्टर असतात, त्यांच्यावर एएफ ११४, ११५, ११६ किंवा ११७ असा नंबर आहे का. त्यांना तीनऐवजी चार पाय असतात. चौथा पाय नुसता बाहेरच्या धातूच्या डबीला जोडलेला असतो, बाहेरची खरखर आत येऊ नये म्हणून.

त्या डबीला आतून कथलाचा मुलामा असतो आणि कथलाला केस फुटतात. हे मी शब्दशः म्हणतेय. वर्षानुवर्षं बसून बसून त्या मुलाम्यातून कथलाचे तंतू आपोआप वाढतात आणि मधल्या जर्मेनियमच्या तुकड्याला जाऊन टेकतात. टेकले की ट्रान्झिस्टर शॉर्ट. बारावीनंतर मी दुकानात बसायला लागले तेव्हा माझा विश्वास बसेना, म्हणून एक निकामी डबी पकडीत धरून बारीक करवतीने कापली आणि घड्याळजीच्या भिंगाखाली धरली. आत पांढरट ग्रीस होतं. ते काडीने बाजूला सारलं तर कडेने तंतू उभे होते, डोक्याच्या केसाहून कितीतरी बारीक, दिव्याखाली चमकणारे. एक थेट मध्यापर्यंत पोचलेला. फुंकर मारली तर हलला.

यावरचा उपाय जुन्या रेडिओवाल्यांना ठाऊक असतो. रेडिओ बंद ठेवून मीटर लावायचा : एक टोक डबीवर, दुसरं बाकीच्या तीन पायांवर आळीपाळीने. कुठेच जोड दिसायला नको. दिसला तर चौथा पाय छाटून टाकायचा. तंतू आत टेकलेलाच राहतो, पण डबी अर्थपासून सुटते आणि शॉर्ट उरत नाही. कितीतरी रेडिओ एवढ्यावरच बोलायला लागतात. दोन तंतू दोन वेगळ्या पायांना टेकले असतील तर मात्र ट्रान्झिस्टर बदलावाच लागतो. पर्यायी नग तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून मिळतात. बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात सुटे भाग काढायला मेलेला रेडिओही मिळू शकतो.

दुसरा रोग कंडेन्सरचा. विद्युतद्रव असलेले गोल कंडेन्सर पन्नास वर्षांत वाळतात. ते सरसकट बदलून घ्या, महाग नसतात. पण रेडिओच्या छापील नावाची पट्टी, नॉब, डायलची काच यांना कुणाला हात लावू देऊ नका. ‘पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातून डायलवरचे आकडे पुसले जातात आणि ते परत कुणाला छापता येत नाहीत.

हे काम कुणाकडूनही करून घ्या, पण तीन गोष्टी आधी बजावून सांगा. एक, स्पीकर जोडल्याशिवाय हा रेडिओ चालू करायचा नाही. या काळातल्या रेडिओत आउटपुटचा ट्रान्झिस्टर स्पीकरविना चालवला तर जळू शकतो, आणि तोच भाग शोधायला सगळ्यात अवघड. दोन, तुमच्या फियाटची बॉडी निगेटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला आहे, पण त्या काळातल्या बऱ्याच रेडिओंच्या पाठीवर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बदलायची प्लगपट्टी असते. टेबलावर तपासताना कुणी ती फिरवली असेल तर गाडीत लावण्यापूर्वी बघून घ्या. तीन, पॉझिटिव्हच्या वायरीत दोन अँपिअरचा फ्यूज हवाच.

रेडिओ उघडण्याआधी आणखी एक करा. खिशातला साधा ट्रान्झिस्टर मध्यम लहरीवर लावून गाडीशेजारी ठेवा आणि काय काय येतं ते ऐका. काही केंद्रांवर आता डीआरएम ही डिजिटल पद्धत आली आहे. ते प्रक्षेपण चालू असताना जुन्या रेडिओत नुसती घरघर येते. स्टेशनच नसेल तर रेडिओला दोष देऊन उपयोग नाही. तुमच्या डायलवर बहुधा ५५ पासून १६० पर्यंत आकडे असतील. त्यांना दहाने गुणा. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे काटा ८०च्या किंचित अलीकडे. सांगली १२५१ वर, म्हणजे १२५ला.

रेडिओ बोलायला लागला की एरियलचा ट्रिमर लावून घ्यायला विसरू नका. बहुतेक जण विसरतात आणि मग ‘आवाज येतो पण पूर्वीसारखा नाही’ म्हणतात. एरियलच्या सॉकेटजवळ, कधी एखाद्या नॉबच्या मागे, एक छोटा स्क्रू असतो. एरियल पूर्ण वर करा, डायलच्या वरच्या टोकाकडचं एखादं अशक्त स्टेशन धरा. साताऱ्यात सांगली जोरात येत असेल, तर त्याच्याही वरचं पुसट काहीतरी शोधा. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने तो स्क्रू हळूहळू फिरवा. एका जागी आवाज भरून येतो, पुढे गेलं की परत पडतो. जिथे भरतो तिथे थांबा. एरियल बदलला तर हे पुन्हा करावं लागतं. आणि एरियलचा पाया जिथे पत्र्याला टेकतो तिथे, आतल्या बाजूने, रुपयाएवढा रंग खरवडून धातूला धातू लागू द्या. रंगावर बसवलेला एरियल म्हणजे अर्थ नसलेला एरियल.

आता मुलाचं. त्याचंही चुकत नाही, त्याला फोनवरची गाणी गाडीत हवीत. त्यासाठी दोन मार्ग आहेत आणि दोन्ही उद्या काढून टाकता येतात.

पहिला, त्याच रेडिओतून. व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला मागून आवाज येऊन पोचतो. तिथे एक छोटा स्विच टाकून रेडिओचा आवाज तोडायचा आणि फोनचा आत सोडायचा. डावा आणि उजवा चॅनल थेट एकत्र बांधायचे नाहीत, प्रत्येकात एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडायचे आणि पुढे एक कंडेन्सर. फोनवरचं गाणं मग त्या जुन्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून, जुन्याच स्पीकरवर, त्याच गोलसर आवाजात येतं. ब्लूटूथची चिमुकली पट्टी आत बसवली तर तिला पाच व्होल्ट लागतात, आणि बाराचे पाच करणारं स्वस्तातलं मॉड्यूल मध्यम लहरीत भयंकर खरखर सोडतं. म्हणून तिचा करंट त्याच स्विचवर घ्या. रेडिओ ऐकताना ती पट्टी पूर्ण बंद असायला हवी.

दुसरा, रेडिओला हातच लावायचा नाही. सीटखाली ब्लूटूथचा छोटा अँप्लिफायर, मागच्या शेल्फवर सुट्या पेटीत दोन स्पीकर, त्यांच्या वायरी वेगळ्या आणि दोन्ही टोकं अँप्लिफायरपर्यंत आणलेली. पत्र्याला एकही भोक नाही. मात्र त्याची कायम चालू राहणारी वायर असेल तर तिला स्विच द्या. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी अशाच वायरी उतरवतात. आणि दणदणीत अँप्लिफायर घेऊ नका. ४५ वॉटचे दोन हेडलाइट लागले की तेच साडेसात अँपिअर खातात. घाटात रात्री हळू चढताना गाडीची वीज बनवणारा डायनामो बिचारा तेवढंच भागवता भागवता थकतो.

तुमच्या जागी मी असते तर आधी रेडिओ जिवंत केला असता आणि मुलासाठी पहिला मार्ग धरला असता. वडिलांनी ज्या स्पीकरवर ऐकलं त्याच स्पीकरवर नातू ऐकेल.

लायसन्सचं पुस्तक त्याच कप्प्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून. रेडिओ बाळगायला पोस्टात वर्षाला पैसे भरून शिक्का मारून घ्यावा लागत असे, हे आजच्या मुलांना दाखवायला त्याहून चांगलं काही नाही.

प्रश्न : ताई, मी मागच्या वर्षी १९९४ची पद्मिनी घेतली. आधीच्या मालकाने डेक बसवलेला होता, एफएम चालतं. इंजिन बंद असताना स्वच्छ, चालू केलं की खरखर. अॅक्सिलरेटर दाबला की वाढते. दोन ठिकाणी दाखवलं, दोघांनी ‘नवा डेक घ्या’ सांगितलं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पत्रावरून तू माझ्या लेकीच्या वयाची वाटतेस, म्हणून एकेरीच लिहिते. नवा डेक घेऊ नकोस. खरखर डेकमध्ये नाही, इंजिनाच्या बाजूला आहे. नव्यातही तीच येईल.

आधी ती कुठून येते ते कानाने ओळख. डेकला करंट थेट बॅटरीवरून दे, म्हणजे किल्ली बंद केली तरी तो चालू राहील. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. रेस वाढव आणि किल्ली बंद कर. इंजिन थांबता थांबता दोन-तीन सेकंद फिरत राहतं, तेवढ्यात नीट ऐक. आवाज किल्लीबरोबर पटकन तुटला तर तो इग्निशनचा, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागाचा. तो टिकटिक-टिकटिक असा असतो. इंजिनाच्या वेगाबरोबर खाली उतरत गेला, सूं करत, तर तो डायनामोचा किंवा अल्टरनेटरचा. वेगाशी संबंध नसलेली अधूनमधूनची कटकट असेल तर डायनामोच्या गाडीत रेग्युलेटरच्या पेटीकडे बघायचं.

इग्निशनचा असेल तर रेझिस्टर असलेले प्लग किंवा पाच किलोओहमच्या प्लगटोप्या लाव. दोन्ही एकदम नको. प्लगच्या वायरी कडक होऊन चिरल्या असतील तर बदल. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू केलंस तर चिरलेल्या वायरीवर निळ्या ठिणग्या दिसतील, हात लांब ठेवून बघ. कॉइलला एक मायक्रोफॅरडचा सप्रेसर कंडेन्सर लागतो, तो किल्लीकडून येणाऱ्या टोकावर. पॉइंटकडे जाणाऱ्या टोकावर लावला तर ठिणगी मंदावते आणि गाडी मिसिंग मारते. डायनामो असेल तर तोच कंडेन्सर त्याच्या जाड वायरीच्या टर्मिनलवर, बारीक फील्डच्या वायरीवर कधीही नाही.

आणि सगळ्याच्या आधी, एक पैसाही खर्च न करता : डेकची काळी वायर कुठे लावली आहे ते बघ. बहुतेक ठिकाणी ती डॅशबोर्डमागे जवळच्या कुठल्यातरी रंगवलेल्या स्क्रूला गुंडाळलेली सापडते. ती सोडव, स्वच्छ खरवडलेल्या पत्र्यावर रिंग टर्मिनल लावून घट्ट बोल्ट कर. एरियलच्या पायाचंही तसंच, वर साताऱ्याच्या दादांना लिहिलंय तसं. बॉनेट बिजागरीच्या रंगावर टेकलेलं असतं, म्हणून त्यालाही बॉडीपासून वेणीची तार दे. माझ्याकडे आलेल्या खरखरीच्या गाड्यांपैकी निम्म्या तरी नुसत्या अर्थवर गप्प झाल्या.

गाडीबद्दल लिहिलं नाहीस, तरी सांगते. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ला झाला. रस्त्यावर दिसणं आता कमीच होत जाणार. मूळ डॅशबोर्ड शाबूत असेल तर त्याला जीव लाव.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. १९६१ची मॉरिस मायनर घेतली आहे. रेडिओ नाही, जागा आहे. इथल्या मित्राने सांगितलं की तिची बॅटरी ‘उलटी’ आहे, फोनचा चार्जरसुद्धा लावू नकोस. हे खरं का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : खरं आहे, आणि मित्राचे आभार माना. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. आजचा जवळजवळ प्रत्येक रेडिओ, चार्जर, ब्लूटूथची पट्टी हे बॉडी निगेटिव्ह आहे असं धरून बनलेलं असतं. धातूची पेटी पत्र्याला टेकली की शॉर्ट. पण तुमच्या गाडीत मधल्या साठ वर्षांत कुणी बदल केला असू शकतो, म्हणून पुस्तकावर जाऊ नका. बॅटरीवर कुठलं टोक बॉडीला आहे ते डोळ्यांनी बघा.

मूळ रचना ठेवायची तर आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या. त्याच्या आत आणि बाहेरच्या बाजूचा काहीच संबंध नसतो. घेताना ‘आयसोलेटेड’ हा शब्द छापलेला आहे ना, ते बघाच. रेडिओची पेटी रबरावर बसवा आणि एरियलच्या वायरीचं आवरणही पत्र्यापासून तोडावं लागतं हे विसरू नका, नाहीतर तिथूनच शॉर्ट होतं. मी अशा गाडीत शक्य तर रेडिओ बसवतच नाही, सुटा बॅटरीवरचा स्पीकर ठेवायला सांगते.

गाडी निगेटिव्ह करून घेणंही अवघड नाही आणि परतही फिरवता येतं. बॅटरी उलटवायची. कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करायची. डायनामोच्या दोन्ही वायरी सोडून, बॅटरीच्या जिवंत टोकावरून आणलेली तार त्याच्या फील्डच्या टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी पडते आणि डायनामोचं चुंबकत्व नव्या दिशेला वळतं. हे न करता गाडी चालवली तर डायनामो उलटा करंट देतो. पेट्रोलचा एसयू कंपनीचा पंप नंतर कुणी डायोडवाला बसवला असेल तर तोही बदलावा लागेल, जुन्या कंडेन्सरवाल्याला फरक पडत नाही.

दोन्हींपैकी जे कराल ते एका जाड पुठ्ठ्यावर ठसठशीत लिहून बॅटरीच्या क्लॅम्पला तारेने बांधा : ‘बॉडी पॉझिटिव्ह’ किंवा ‘बॉडी निगेटिव्ह’, आणि बदल केल्याची तारीख. तिथल्या मेकॅनिकला वाचता यावं म्हणून इंग्रजीत लिहा, आणि खाली मराठीतही.